नवशिक्यांची लिपी

व्हिएतनामी भाषा शिकायला बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक दिलासा मिळतो आणि लगेच एक धक्का बसतो. दिलासा असा की लिपी रोमन आहे. चिनीच्या विद्यार्थ्यापुढे चित्राकृतींचे जे अरण्य उभे असते ते येथे नाही. धक्का असा की त्या ओळखीच्या अक्षरांवर, अक्षरांखाली आणि क्वचित अक्षरांच्या पोटातून इतक्या खुणा गेलेल्या असतात की पानावर मुंग्या धावत असल्याचा भास व्हावा. एकाच स्वराच्या डोक्यावर कधी दोन-दोन खुणा बसतात. त्यांतली एक स्वराचा वर्ण सांगते, दुसरी त्याचा सूर.

सुराचा धडा जगभर एकाच उदाहरणाने शिकवला जातो. 'मा' हे अक्षर सपाट सुरात म्हटले तर भूत. उतरत्या सुरात म्हटले तर 'पण' हे अव्यय. चढत्या सुरात दक्षिणेकडची आई. खाली जाऊन प्रश्न विचारल्यासारखे वर आले तर थडगे. मध्येच घशात अडखळून वर गेले तर घोडा. आणि जड, आखूड, दाबल्यासारखे उच्चारले तर भाताचे रोप, म्हणजे कोकणात ज्याला तरवा म्हणतात तो. सूर सहा, खुणा पाच, कारण सपाट सुराला खूण नाही. नवा विद्यार्थी हे कोष्टक पाठ करतो, त्यावर दोन-तीन विनोद करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

आम्हाला मात्र या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. या खुणा मुळात कोणाला हव्या होत्या? जन्माने व्हिएतनामी असलेल्या माणसाला सूर लिहून दाखवण्याची गरज वाटण्याचे फारसे कारण नाही. मराठीतले उदाहरण घेऊ. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी आपण एका तऱ्हेने उच्चारतो आणि 'जगणे'चे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या तऱ्हेने. 'चार' आणि 'चारा' यांतल्या 'च'चेही तसेच. देवनागरी हा भेद दाखवत नाही, आणि त्यावाचून कोणा मराठी वाचकाचे आजवर अडलेले नाही. परभाषिकांसाठी मराठी शिकवणारा लेखक मात्र अशा अक्षराखाली एखादे टिंब देतो. ते टिंब परक्याच्या कानासाठी असते. आता अशी कल्पना करावी की ती टिंबे मराठीची प्रमाण लिपीच होऊन बसली, पाठ्यपुस्तकांत आणि कवितासंग्रहांत, बसच्या पाट्यांवरही अवतरली. व्हिएतनाममध्ये जे घडले ते जवळजवळ असे आहे. आज 'क्वोक ङू', म्हणजे राष्ट्रभाषा, या नावाने ओळखली जाणारी त्या देशाची लिपी ही मुळात भाषा शिकू पाहणाऱ्या परक्यांची वही आहे.

ही वही कशी भरत गेली हे पाहण्यासारखे आहे.

१६१४ मध्ये जपानने ख्रिस्ती मिशनऱ्यांना हद्दपार केले. तेथून बाहेर पडलेले काही जपानी ख्रिस्ती आजच्या मध्य व्हिएतनाममधील होय आन या बंदरात होते. त्यांच्यासाठी म्हणून १६१५ मध्ये मकावहून जेझुइट पाद्री तेथे आले. फ्रान्चेस्को बुझोमी हा नापोलीचा पाद्री त्यांत होता. त्या मुलखाला युरोपीय लोक कोचिनचिना म्हणत, आणि तेथे ङ्वियेन घराण्याचे राज्य होते. (या आडनावाचे आपली वृत्तपत्रे 'न्गुयेन' असे हाल करतात. वास्तविक पहिलीतले मूल 'क ख ग घ ङ' म्हणताना जो 'ङ' घोकते आणि पुढे 'वाङ्मय'सारख्या शब्दापुरताच भेटल्यामुळे विसरते, तोच हा. व्हिएतनामीत तो शब्दारंभी सर्रास येतो.) पाद्र्यांना भाषा येत नव्हती. दुभाषे होते, पण त्यांची पोर्तुगीज बंदरावरच्या व्यापारापुरती होती.

त्यातून काय झाले याची एक हकिगत क्रिस्तोफोरो बोर्री या मिलानच्या जेझुइटाने आपल्या १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात दिली आहे. एका चौकात नाटक चालले होते. एक नट पोर्तुगीज वेष करून आला. त्याचे पोट कृत्रिम होते आणि इतके मोठे की आत एक लहान मुलगा लपवलेला होता. नटाने मुलाला बाहेर काढले आणि विचारले, पोर्तुगीजाच्या पोटात जायचे आहे का? मुलगा हो म्हणाला. नटाने त्याला परत पोटात घातले. हे पुन्हा पुन्हा होत राहिले आणि प्रेक्षक हसत राहिले. प्रश्नाचे शब्द मात्र नटाचे नव्हते. धर्मांतराला तयार असलेल्या माणसाला दुभाषे जे वाक्य विचारत असत तेच ते होते. 'ख्रिस्ती' या शब्दाऐवजी त्यांनी 'पोर्तुगीज' घातले होते, आणि 'आत' या अर्थी जो शब्द योजला होता त्याचा अर्थ पोट असाही होतो आणि मन असाही.

मराठी वाचकाला हा घोटाळा परका वाटू नये. आपल्याही भाषेत माया पोटात असते आणि पोटातले ओठांवर येते. पण आम्हाला या प्रसंगात विनोदापेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. पाद्री आपण काय बोलतो आहोत हे समजून घेण्याच्या आधी त्या देशातल्या नटांनी ते समजून घेतले होते. वाक्याचा शब्दार्थ त्यांनी रंगमंचावर मांडला आणि त्या शब्दार्थातून राजकीय अर्थ आपोआप उघडा पडला, की ख्रिस्ती होणे म्हणजे पोर्तुगीजांनी गिळणे. भाषांतराची याहून नेमकी टीका क्वचितच झाली असेल. पुढे पाद्र्यांनी वाक्य बदलले आणि 'पोर्तुगीजाच्या आत' ऐवजी 'ख्रिस्ती मार्गात' असा प्रयोग केला. दुभाष्यांवर विसंबून चालणार नाही, भाषा स्वतः शिकलीच पाहिजे, हा धडा अशा अनुभवांतूनच मिळत गेला असणार.

तो ज्याने सर्वांत मनावर घेतला तो फ्रांसिस्को द पिना. हा पोर्तुगीज तरुण १६१७ मध्ये आला आणि दुभाष्यावाचून व्हिएतनामी बोलणारा पहिला युरोपीय ठरला. होय आनच्या बंदरी मिश्र वस्तीत शिकलेली भाषा त्याला पुरेशी वाटेना, म्हणून तो क्वांग नामच्या राज्यपालाचे ठाणे असलेल्या थान्ह चियेमला राहायला गेला. जेथे दरबार तेथे भाषा चांगली, असे त्याचे मत होते. तेथे शिकलेल्या तरुणांच्या सहवासात त्याने भाषा पक्की केली. ही भाषा संगीतासारखी आहे, आधी सूर जुळवावे लागतात आणि मग शब्द, अशा आशयाचे त्याने आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या एका पत्रात म्हटले आहे. वर्णलेखन आणि सूर यांवर एक छोटी टिपणवजा पुस्तिकाही त्याने तयार केली होती. डिसेंबर १६२५ मध्ये तो समुद्रात बुडून वारला. वय चाळिशीच्या आसपास. जाता जाता नोंदवावे की हा सगळा प्रदेश एके काळी चंपा राज्याचा होता. मी सॉनची मंदिरे याच प्रांतात आहेत, आणि तेथील शिलालेख संस्कृतात व ब्राह्मीपासून निघालेल्या चाम लिपीत कोरलेले आहेत. व्हिएतनामी भाषेला मात्र ती लिपी कधी लागली नाही.

पिनाचा शिष्य अलेक्झांद्र द रोद हा अव्हीन्योंचा. त्याचे नाव झाले, पिनाचे झाले नाही. त्याच्या वाटेवर आपला मुलूख येतो. १६१९ च्या एप्रिलमध्ये लिस्बन सोडून तो ऑक्टोबरात गोव्याला पोचला. त्याला जायचे होते जपानला, पण तेथील छळाच्या बातम्यांमुळे गोवा आणि साष्टी येथे त्याची सुमारे अडीच वर्षे गेली. थॉमस स्टीफन्स गोव्यात वारला तो याच १६१९ साली. 'क्रिस्तपुराण' राशोलला छापून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. एकाने दुसऱ्यापासून काही घेतले असे म्हणायला आम्ही धजणार नाही. पण एका संघाची दोन माणसे, एकाच बंदरातून, एकच काम दोन भाषांत करत होती, आणि त्या कामाचे नशीब दोन ठिकाणी इतके वेगळे निघाले की तुलना टाळता येत नाही.

रोद १६२४ च्या अखेरीस कोचिनचिनात उतरला. तेथील लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे बोलणे ऐकून आपण पक्ष्यांची किलबिल ऐकतो आहोत असे त्याला वाटले आणि ही भाषा आपल्याला कधी येईल ही आशाच त्याने सोडली, असे तो स्वतः सांगतो. नंतर मात्र, रोममध्ये ईश्वरशास्त्राचा केला होता तेवढ्याच निष्ठेने त्याने या भाषेचा रोज अभ्यास केला. चार महिन्यांत तो लोकांचे पापनिवेदन ऐकू लागला, सहा महिन्यांत प्रवचन करू लागला. पिना त्याचा गुरू होताच, पण सुरांच्या बाबतीत त्याने श्रेय दिले आहे ते एका लहान मुलाला. त्या मुलाने तीन आठवड्यांत त्याला सगळे सूर शिकवले. मुलाला रोदची भाषा येत नव्हती, रोदला मुलाची. एक म्हणे, दुसरा पुन्हा म्हणे, चुकले की पहिला परत म्हणे. त्याच तीन आठवड्यांत तो मुलगा रोमन अक्षरे वाचायला शिकला, याचे रोदला आश्चर्य वाटले.

या मुलाचे मूळ नाव त्या वृत्तांतात नाही. बाप्तिस्म्यानंतर तो आपल्या गुरूचे, म्हणजे आपल्या शिष्याचेच, आडनाव लावू लागला आणि राफाएल द रोद झाला. भाषेच्या इतिहासात शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि त्यातच स्वतःचे हरवून बसावे, ही गोष्ट आम्हाला पिनाच्या मृत्यूपेक्षाही अधिक चटका लावून जाते. क्वोक ङूचा जनक कोण हा वाद नेहमी रोद की पिना या दोन टोकांत घातला जातो. रोलां जाक या अभ्यासकाच्या २००२ च्या ग्रंथाने पिना आणि इतर पोर्तुगीजांचा वाटा पुढे आणला, हे योग्यच झाले. पण खुणा कोठे द्यायच्या हे ज्यांच्या तोंडातून कळले ती माणसे दोन्ही पक्षांच्या यादीबाहेरच राहतात.

रोद पुढे उत्तरेला तोंकिनमध्ये गेला, १६३० मध्ये तेथून घालवला गेला, पुन्हा दक्षिणेत आला आणि १६४५ मध्ये तेथूनही कायमचा हाकलला गेला. १६५१ मध्ये रोममध्ये त्याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश छापला गेला. गास्पार दो आमाराल आणि आंतोनियो बार्बोसा या दोन दिवंगत सहकाऱ्यांच्या कोशांचा आपण उपयोग केल्याचे त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. कोशाला जोडलेल्या छोट्या व्याकरणात सूरखुणांचे मूळही दिले आहे. तीन खुणा ग्रीक आघातचिन्हांवरून घेतल्या. अक्षराखालचे टिंब ग्रीकमधल्या खाली लिहिल्या जाणाऱ्या इवल्या 'इ'वरून आले. पाचवी खूण म्हणजे आपले साधे प्रश्नचिन्ह, लहान करून स्वराच्या डोक्यावर बसवलेले. त्या सुराला व्हिएतनामीत 'होय', म्हणजे विचारणे, असेच म्हणतात. ग्रीक आघातचिन्हांची कथाही अशीच आहे. ती बसवण्याचे श्रेय परंपरेने इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या बायझांतियमच्या अरिस्तोफानिस या अलेक्झांड्रियातल्या ग्रंथपालाला दिले जाते, आणि ग्रीक ज्यांच्या कानावरची नव्हती अशा वाचकांना ती उपयोगी पडली. नवशिक्यांनी नवशिक्यांकडूनच उसनवारी केली होती.

कोशाचे पान उघडले की त्या वहीचे इतर डागही दिसतात. 'आकाश' या अर्थाचा शब्द तेव्हा 'ब्ल'ने सुरू होई, 'म्हैस' या अर्थाचा 'त्ल'ने. ही जोडाक्षरे पुढे उच्चारातून गेली आणि लेखनातूनही. काही गोष्टी मात्र गेल्या नाहीत. 'क' हा एकच ध्वनी लिहायला पुढच्या स्वराप्रमाणे तीन वेगळी रोमन अक्षरे वापरावी लागतात. त्याचे कारण व्हिएतनामी भाषेत शोधून सापडणार नाही, ते पोर्तुगीज आणि इटालियन लेखनाच्या सवयीत आहे. 'ञ' हा ध्वनी दोन अक्षरे जोडून लिहितात, तोही पोर्तुगीज रिवाज. हनोईतले पहिलीचे मूल आजही हे पाठ करते.

लिपीपेक्षा अवघड गोष्ट वेगळीच होती. व्हिएतनामीत 'मी' आणि 'तू' यांसाठी सर्वांना चालतील असे शब्द जवळजवळ नाहीत. समोरचा आपल्याहून किती मोठा, किती लहान, कोणत्या नात्याचा हे ठरवून त्याला दादा, ताई, काका, आजोबा म्हणायचे; इथपर्यंत मराठी माणूस सहज चालेल. पण तेथे स्वतःलाही 'मी' न म्हणता धाकटे भावंड, नातू किंवा लेकरू म्हणायचे असते, आणि माणूस बदलला की 'मी'ही बदलतो. रोदला व्याकरणात सर्वनामांचा विचार करावा लागला तो यामुळेच. देवाने माणसाशी बोलताना स्वतःला काय म्हणावे, हा प्रश्न त्याला लॅटिनमध्ये कधी पडला नसेल.

आता गोव्याशी तुलना. स्टीफन्सनेही मूर्धन्य वर्णांसाठी व्यंजन दोनदा लिहून रोमनमध्ये सोय केली, आणि त्याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोलला छापले गेले. पण त्याला मुळात हव्या होत्या त्या देशी लिपीतल्या छापील पोथ्या. १६०८ च्या पत्रात त्याने तशी इच्छा कळवली होती. युरोपीय अक्षरांना चोवीस ठसे पुरतात, येथे सहाशेच्या आसपास लागतील, हा अडसरही त्याने सांगितला होता. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी जिच्यात लिहिली जात होती अशी उच्चारानुसारी लिपी समोर असताना रोमन ही तडजोड होती. व्हिएतनाममध्ये चिनी लिपी आणि तिच्यावरून घडवलेली 'नोम' ही देशी लिपी होती. नोम वाचायला आधी चिनी यावी लागे, आणि ते वर्षांचे काम. तरीही व्हिएतनामी वाचकांसाठी धर्मग्रंथ लिहिताना जिरोलामो मायोरिकासारख्या जेझुइटाने नोमच वापरली. रोमन ही पाद्र्यांची आपसातली सोय होती.

फरक सत्तेचाही आहे. गोव्यात पोर्तुगीज राज्यकर्ते होते, आणि १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. कोचिनचिनात पोर्तुगीज पाहुणे होते, आणि पाहुण्याला यजमानाची भाषा शिकावी लागते. ज्या लिपीला पुढे वसाहतवादाची खूण म्हणून नावे ठेवली गेली ती जन्मली तेव्हा तिच्या कर्त्यांपाशी हुकूम काढण्याची ताकद नव्हती, हे विसरता कामा नये.

ती ताकद नंतर आली. दोनशे वर्षे ही लिपी चर्चच्या आवारातच राहिली. मधला एक दुवा मराठीच्या अभ्यासकांना आवडेल. बिशप ताबेर याने वाढवलेला व्हिएतनामी-लॅटिन कोश १८३८ मध्ये छापला गेला तो बंगालमधील श्रीरामपूरला, म्हणजे विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये जेथून निघाला त्याच गावी. मग फ्रेंच आले. १८६५ मध्ये सायगावहून 'झा दिन्ह बाव' हे पहिले क्वोक ङू वृत्तपत्र निघाले. १८७८ च्या आदेशाने दक्षिणेत १८८२ पासून सरकारी कागदपत्रांत ही लिपी आली. जुन्या विद्वानांनी तिचा तिरस्कार केला, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ङ्वियेन झूचे 'किएउ'सारखे महाकाव्य जिच्यात लिहिले गेले ती नोम वाचणारे आज मूठभर तज्ज्ञ उरले आहेत. आपल्याच अभिजात साहित्याचे मूळ हस्तलिखित सुशिक्षित माणसाला परके व्हावे, ही किंमत लहान नाही. मोडीचे काय झाले ते आठवले तर मराठी वाचकाला तिचा अंदाज येईल, तोही अर्धाच. कारण मोडीत दप्तरे गेली, काव्य बहुतांशी देवनागरीत राहिले.

फासा उलटवला तो वसाहतविरोधी मंडळींनीच. १९०७ मध्ये हनोईत सुरू झालेल्या आणि त्याच वर्षी फ्रेंचांनी बंद पाडलेल्या 'दोंग किन्ह' या मुक्त शाळेच्या चालकांपैकी कित्येक जण चिनी विद्येत वाढलेले होते. त्यांनी लोकांना हीच लिपी शिका असे सांगितले. १९१९ मध्ये हुए येथे शेवटची राजपरीक्षा झाली आणि चिनी लिपीचा पोटापाण्याचा आधारही तुटला. २ सप्टेंबर १९४५ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि अवघ्या सहा दिवसांनी, ८ सप्टेंबरला, आठ वर्षांवरील प्रत्येकाला एका वर्षात क्वोक ङू लिहिता-वाचता आली पाहिजे असे फर्मान निघाले. देवळांत, घरांच्या ओसऱ्यांवर रात्रीचे वर्ग भरले. अक्षरांना अंड्याची, टोपीची, दाढीची उपमा देणारी गाणी रचली गेली. बाजाराच्या तोंडाशी पाटीवरची अक्षरे वाचून दाखवल्याशिवाय सरळ वाटेने आत सोडत नसत, अशा आठवणी सांगितल्या जातात. परक्याच्या कानासाठी दिलेल्या खुणा आता ज्यांच्या कानात भाषा होतीच, पण हातात कधी लेखणी आली नव्हती, अशा शेतकऱ्यांना आणि त्यांच्या बायकांना उपयोगी पडल्या. काही महिन्यांत शिकता येईल अशी ती होती, कारण शिकणाऱ्यानेच ती बनवली होती.

२०१९ मध्ये दानांग शहरातल्या दोन रस्त्यांना रोद आणि पिना यांची नावे देण्याचा प्रस्ताव आला. काही अभ्यासकांनी हरकत घेतली. या पाद्र्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, राष्ट्रभाषा घडवण्याचा नव्हता, आणि त्यांच्या मागोमाग वसाहतवाद आला, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूने कृतज्ञतेचा मुद्दा मांडला गेला. प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला. हेतूबद्दल हरकत घेणाऱ्यांचे बरोबर आहे, असे आम्हाला वाटते. रोदला व्हिएतनामी राष्ट्राची कल्पनाही नव्हती, त्याला श्रोत्याने हसू नये एवढेच हवे होते. सायगावमध्ये, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहरात, मात्र रोदच्या नावाचा एक छोटा रस्ता आहे. राफाएलच्या नावाचा प्रस्ताव कोणी आणल्याचे आमच्या वाचनात नाही.